बादलीभर गरम पाण्याला साडेतीन मिनिटे

घर आणि यंत्रे : वाचकांचे प्रश्न

थंडी सुरू झाली की ब्रिटनमधल्या वाचकांची पत्रे एकाच विषयाभोवती फिरू लागतात, आणि तो विषय म्हणजे गरम पाणी. या अंकासाठी निवडलेली तीनही पत्रे इकडच्या घराघरांत भिंतीवर टांगलेल्या कॉम्बी बॉयलरविषयी, म्हणजे नळाचे पाणी आणि घर उबदार ठेवणारे रेडिएटर ही दोन्ही एकाच यंत्राने तापवणाऱ्या गॅसच्या बॉयलरविषयी आहेत. वरवर पाहता तिघांची तक्रार एकच वाटते. प्रत्यक्षात दोन घरांत दोष दोन वेगळ्या ठिकाणी आहे, आणि उरलेल्या एका घरात बहुधा दोषच नाही.

प्रश्न : आम्ही रेडिंग येथे राहतो. स्वयंपाकघरातील कपाटात २८ किलोवॉटचा कॉम्बी बॉयलर आहे. तो नऊ वर्षांपूर्वी बसवला होता. माझ्या सासूबाई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या आहेत. त्यांना शॉवर मानवत नाही, त्या बादलीत पाणी घेऊनच आंघोळ करतात, आणि त्यांच्यामुळेच आमच्या लक्षात आले की टबच्या गरम नळाखाली १५ लिटरची बादली भरायला साडेतीन मिनिटे लागतात. त्याच ठिकाणच्या थंड नळाने ती सव्वा मिनिटात भरते. स्वयंपाकघरातही गरम पाण्याची धार अशीच बारीक आहे. जे पाणी येते ते मात्र चांगले कढत असते. शॉवर घेताना पाणी मधूनच एकदम गार होते आणि थोड्या वेळाने पुन्हा तापते. रेडिएटर उत्तम चालतात. धार गेले वर्ष-दीड वर्ष कमी होत आली असावी. पण नोव्हेंबरमध्ये आमच्या रस्त्यावर पाण्याची वाहिनी खणून बदलली, तेव्हापासून ती अचानक फारच मंदावली. बॉयलरवरील दाबाचा काटा १.३ वर होता. यजमानांनी तो वाढवून २ वर नेला, तरी फरक पडला नाही. तपासायला आलेल्या गृहस्थांनी पाच मिनिटांत सांगितले की बॉयलर जुना झाला, नवा घ्या. एवढा खर्च खरोखर आवश्यक आहे का?

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत मोलाची माहिती आपल्या सासूबाईंच्या बादलीने दिली आहे. १५ लिटरला साडेतीन मिनिटे म्हणजे मिनिटाला साधारण सव्वाचार लिटर गरम पाणी; आणि थंड पाणी मात्र मिनिटाला १२ लिटर. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक पत्रांत ‘गरम पाणी नीट येत नाही’ एवढेच वाक्य असते, आणि त्या एका वाक्यात दोन अगदी वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. पाणी कढत आहे पण धार बारीक आहे, ही एक. धार भरपूर आहे पण पाणी कोमट आहे, ही दुसरी. पहिल्या तक्रारीत पाण्याची वाट कुठेतरी अडलेली असते, तर दुसरीत उष्णता कमी पडत असते. या दोहोंची गल्लत झाली की कारागीर भलताच भाग बदलतो, पैसे जातात आणि नळ होता तसाच राहतो. आपली तक्रार निःसंशय पहिल्या प्रकारची आहे.

आपल्याकडे जुन्या घरांत तांब्याचा बंब असे. पोटात विस्तव, भोवती पाणी. नरसाळ्यातून वर जेवढे थंड पाणी ओतावे तेवढेच गरम पाणी तोटीतून बाहेर पडे. बंबात पाण्याचा साठा असतो आणि कॉम्बी बॉयलरमध्ये तो नसतो, एवढा फरक सोडला तर ‘आत जेवढे, बाहेर तेवढे’ हा हिशेब दोन्हीकडे तोच. गरम नळ उघडला की रस्त्यावरील वाहिनीचे थंड पाणी स्वतःच्याच दाबाने बॉयलरमध्ये शिरते, वाटेतील एक छोटे फिरते चक्र ‘पाणी वाहते आहे’ अशी वर्दी देते, ज्योत पेटते, आणि काही सेकंदांत पाणी तापून नळाकडे जाते. या पाण्याला ढकलणारा पंप बॉयलरमध्ये नसतो. आत जो पंप असतो तो रेडिएटरमध्ये फिरणाऱ्या पाण्यासाठी असतो.

आपल्या यजमानांनी वाढवलेला दाब कामी का आला नाही, ते यावरून कळेल. बॉयलरवरील काटा दाखवतो तो रेडिएटरच्या बंदिस्त चक्रातील दाब. नळाला येणाऱ्या पाण्याशी त्याचा काहीही संबंध नाही. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की दर हिवाळ्यात निदान चार पत्रे तरी त्याच्यामुळे येतात. थंड असताना हा काटा १ ते १.५ बारच्या दरम्यान असावा. तो २ वर ठेवला तर पाणी तापून फुगल्यावर दाब ३ बारच्या जवळ जाऊ शकतो, आणि ३ बारला सुरक्षा झडप उघडते. ही झडप एकदा उघडली की बऱ्याचदा कचरा अडकून पुन्हा घट्ट बसत नाही, बाहेरच्या भिंतीवरील तांब्याच्या नळीतून थेंब पडत राहतात, आणि आधीच्या दुखण्यात दुसऱ्या दुखण्याची भर पडते. तेव्हा बॉयलर बंद करून निवल्यावर एखाद्या रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातील चावी जराशी सैल करावी, खाली वाडगा धरावा, आणि काटा १.३ वर आला की चावी घट्ट करावी.

आता मूळ अडथळा कुठे आहे ते पाहू. थंड पाणी भरपूर आहे, म्हणजे रस्त्यावरील वाहिनी, फुटपाथवरील स्टॉपकॉक (पाणीपुरवठा बंद करण्याचा मुख्य नळ) आणि घरात शिरतानाचा स्टॉपकॉक हे तिन्ही निर्दोष आहेत. गरम पाण्याचे सगळेच नळ सारखे मंद आहेत, म्हणजे एखाद्या नळाचा दोष नाही. उरला तो फक्त थंड पाणी बॉयलरमध्ये शिरते तेथपासून गरम पाणी बाहेर पडते तेथपर्यंतचा, जेमतेम हातभर लांबीचा मार्ग. पत्र वाचता वाचता घराचा एवढा भाग बाजूला सारता येतो, आणि तोही एकही स्क्रू न काढता. पाच मिनिटांत निकाल देणाऱ्या गृहस्थांनी ही बादली एकदा भरून पाहायला हवी होती.

या हातभर मार्गात संशयित मोजकेच आहेत. पहिली, बॉयलरखालच्या थंड नळीवरील बंद करण्याची झडप. तिच्यावर स्क्रूड्रायव्हरची खाच असते. खाच नळीच्या दिशेने असेल तर झडप पूर्ण उघडी, आडवी असेल तर बंद, तिरकी असेल तर अर्धवट. हे सांगताना मला माझ्याच घरातला प्रसंग आठवतो. इंग्लंडमधील माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात आमच्याकडे गरम पाण्याची धार अशीच आटली, मी स्वतः या क्षेत्रातला असूनही थेट डायव्हर्टर व्हॉल्व्ह (उष्णता रेडिएटरकडे की नळाकडे हे ठरवणारी आतली झडप) मागवला, शनिवार घालवून तो बसवून घेतला, आणि धार तशीच. दोन दिवसांनी सहज खाली वाकून पाहिले तर ही खाच तिरकी होती. आधल्या महिन्यात दुसऱ्याच कामासाठी मीच ती झडप फिरवली होती. त्यानंतर मी कोणत्याही बॉयलरकडे आधी खालून पाहतो.

दुसरा संशयित म्हणजे त्या झडपेच्या किंचित पुढे, पाणी बॉयलरमध्ये शिरते तेथे बसवलेली बारीक जाळी, आणि तिच्याजवळची प्रवाह मर्यादित करणारी प्लॅस्टिकची चकती. चहाच्या गाळणीपेक्षाही लहान अशी ही जाळी वाळूचे कण आणि गंजाचे तुकडे अडवण्यासाठीच असते. रस्त्यावरील वाहिनी बदलताना सुटलेला कचरा घराघरांत शिरतो आणि नेमका तिथे येऊन बसतो. आपली धार नोव्हेंबरमध्ये एकाएकी पडली, ती या जाळीने, असा माझा ठाम अंदाज आहे. आपल्या शेजाऱ्यांकडेही कॉम्बी बॉयलर असेल तर त्यांना विचारून पाहा. त्यांचीही धार त्याच आठवड्यात मंदावली असेल तर शंकाच उरणार नाही.

परंतु आपण लिहिता की धार त्याआधीही वर्ष-दीड वर्ष हळूहळू कमी होत होती. हे जाळीचे लक्षण नव्हे, ते प्लेट हीट एक्सचेंजरचे लक्षण आहे. हा भाग आकाराने साधारण खिशातल्या शब्दकोशाएवढा असतो. पातळ स्टेनलेस स्टीलचे दहा-वीस पत्रे एकावर एक ठेवून जोडलेले असतात आणि दोन पत्र्यांमधील फट फार तर दोन-तीन मिलिमीटरची असते. एका फटीतून बॉयलरने तापवलेले रेडिएटरच्या चक्राचे पाणी जाते, शेजारच्या फटीतून नळाचे पाणी उलट्या दिशेने जाते. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, फक्त पत्र्यातून उष्णता इकडची तिकडे जाते. आपले रेडिंग ज्या थेम्स नदीच्या खोऱ्यात आहे तेथील पाणी चुनखडीच्या थरांतून झिरपून आलेले असते. शाळेत आपण ज्याला दुष्फेन पाणी म्हणत होतो ते हेच. त्यात विरघळलेला कॅल्शियम बायकार्बोनेट तापल्यावर कार्बोनेट होऊन पांढऱ्या खपलीच्या रूपाने बसतो, आणि तापमान ६० अंशांच्या वर गेले की हे बसणे झपाट्याने वाढते. आपल्या चहाच्या किटलीच्या तळाशी जी पांढरी खर दिसते तीच या फटींमध्ये नऊ वर्षे साचत आली आहे. किटलीत ती दिसते म्हणून आपण ती काढतो. इथे ती दिसत नाही, एवढेच.

म्हणजे माझ्या मते आपल्या घरात दोन कारणे एकावर एक बसली आहेत : चुन्याचा जुना थर आणि वाळूचा नवा कचरा. म्हणूनच कामाचा क्रम महत्त्वाचा ठरतो. आधी झडप पाहावी, मग जाळी आणि चकती काढून धुवावी, पुन्हा बादली लावावी. धार मिनिटाला आठ-नऊ लिटरांवर आली तर सध्या पुरे. पाच-सहावरच अडखळली तर प्लेटकडे वळावे. ती चुना विरघळवणाऱ्या सौम्य आम्लाने धुता येते किंवा सरळ बदलता येते. पूर्ण तुंबलेल्या फटीत आम्ल शिरतच नाही, त्यामुळे नऊ वर्षांच्या थराला मी स्वतः बदलण्याचाच सल्ला देईन. ही प्लेट आणि तिची मजुरी मिळून नव्या बॉयलरच्या किमतीचा लहानसा हिस्सा होतो. रेडिएटर उत्तम चालत आहेत, म्हणजे ज्योत, पंप आणि पंखा सगळे धडधाकट आहेत, आणि अशा बॉयलरला केवळ बारीक धारेपायी मोडीत काढणे मला पटत नाही.

शॉवरमधील गार पाण्याचा झटका हा निराळा आजार नाही, तो याच बारीक धारेचा परिणाम आहे. ते फिरते चक्र मिनिटाला साधारण दोन-अडीच लिटरपेक्षा कमी प्रवाह असला तर ज्योत पेटू देत नाही. आपल्या शॉवरची मिश्रण झडप गरम आणि थंड पाणी मिसळून अंगाला सोसेल इतके करते. बॉयलरमधून येणारे पाणी कढत असल्यामुळे ती गरम बाजू बरीचशी मिटून घेते, आधीच सव्वाचारवर आलेला प्रवाह अडीचच्या खाली जातो, ज्योत विझते आणि नळीत थंड पाणी येऊ लागते. ते थंड पाणी झडपेपर्यंत पोहोचले की ती गरम बाजू पुन्हा उघडते, प्रवाह वाढतो, ज्योत पेटते, आणि हा खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. सासूबाईंच्या बादलीत हा झटका जाणवत नाही, कारण तेथे नळ पूर्ण उघडा असतो. काम होईपर्यंत तात्पुरता उपाय म्हणून बॉयलरवरील नळाच्या पाण्याचे तापमान ४५ ते ५० अंशांवर आणावे. पाणी कमी कढत आले की झडप गरम बाजू अधिक उघडी ठेवते आणि प्रवाह टिकतो. साठ्याच्या टाकीत जंतू वाढू नयेत म्हणून पाणी ६० अंशांवर ठेवावे लागते. कॉम्बीमध्ये साठाच नसल्याने तेवढे तापमान ठेवण्याचे कारण नाही, आणि कमी तापमानामुळे पुढे चुनाही हळू बसेल.

बॉयलरचे आवरण आपण स्वतः उघडू नये. अनेक बॉयलरांत ते आवरणच ज्वलनाची हवा आणि धूर घराबाहेर ठेवणारे असते, आणि गॅसवरील काम गॅस सेफ रजिस्टरमध्ये नोंद असलेल्या कारागिरानेच करावे असा इकडे कायदा आहे. २००९ पासून ही नोंदणी आली. त्याआधीची कॉर्गी नोंदणी रद्द झाली असली तरी वयस्कर शेजारी अजून तेच नाव घेतात. कारागिराचे ओळखपत्र मागावे आणि ते उलटून पाहावे, कारण त्याला कोणत्या कामाची पात्रता आहे ते मागच्या बाजूला लिहिलेले असते. प्लेट बदलल्यावर थंड पाण्याच्या नळीवर चुना रोखणारे उपकरण बसवून घ्यावे. पाण्याची कठीणता २०० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत २०० भागांपेक्षा) जास्त असलेल्या भागात नव्या बॉयलरसोबत ते बसवावे अशी इंग्लंडमधील बांधकाम नियमांची मार्गदर्शक तरतूद आहे, आणि आपले गाव त्या मर्यादेच्या बरेच वर आहे. नऊ वर्षांपूर्वी ते बसवले होते का, हे एकदा बॉयलरखाली वाकून पाहावे. बसवलेले असेल, तर तेही तुंबलेले असू शकते, आणि मग वरच्या संशयितांत त्याचीही भर घालावी.

प्रश्न : मी मूळचा कोल्हापूरचा, सध्या मँचेस्टरमध्ये शिकतो. आम्ही पाच जण मिळून एक घर भाड्याने घेतले आहे. बॉयलर २४ किलोवॉटचा आहे. सप्टेंबरमध्ये गरम पाणी छान येत असे. आता डिसेंबरात शॉवरची धार जोरदार आहे, पण पाणी जेमतेम कोमट. मध्यंतरी आम्ही शॉवरचे तोंड बदलून मोठे बसवले, कारण जुन्यातून धार कमी येत होती. घरमालकाला कळवले तर ते म्हणतात की बॉयलर व्यवस्थित आहे. त्यांचे म्हणणे खरे मानावे का?

उत्तर : या वेळी बहुधा घरमालकांचे म्हणणे खरे निघेल, पण ते तपासून मगच मान्य करावे.

एक सोपा हिशेब देतो. बॉयलरच्या किलोवॉटला १४.३ ने गुणावे आणि मिनिटाला येणाऱ्या लिटरांनी भागावे. जो आकडा येईल तितके अंश पाणी तापते. तुमचा २४ किलोवॉटचा बॉयलर पूर्ण ताकदीने चालला तर गुणाकार साधारण ३४३ येतो. शॉवरमधून मिनिटाला १२ लिटर पाणी वाहत असेल तर वाढ होईल २८-२९ अंशांची. सप्टेंबरमध्ये नळाचे पाणी १६ अंशांचे असेल तर शॉवरमध्ये ४४-४५ अंश मिळतील. डिसेंबरात तेच पाणी ६ अंशांवर उतरले की हाती पडतात ३४-३५ अंश, म्हणजे अंगाच्या तापमानापेक्षाही कमी. यंत्र तेच, ज्योत तीच. कोल्हापुरात गच्चीवरील टाकीतले पाणी थंडीतही एवढे गार होत नाही, त्यामुळे हा हिशेब आपल्या अंगवळणी पडलेला नसतो. बॉयलरच्या माहितीपत्रकात ‘मिनिटाला ९.८ लिटर’ असा आकडा छापलेला आढळला तर तो ३५ अंशांच्या वाढीसाठी असतो, आणि तो या हिशेबाशी तंतोतंत जुळतो.

शॉवरचे जुने तोंड धार कमी ठेवत होते, म्हणून पाणी गरम राहत होते. तुम्ही धार वाढवली आणि तीच उष्णता अधिक पाण्यात वाटली गेली. पडताळा सोपा आहे. गरम नळ पूर्ण उघडून भांड्याने प्रवाह मोजा, मग नळ मिटत मिटत प्रवाह सुमारे आठ लिटरांवर आणा आणि एक मिनिट थांबा. पाणी स्पष्टपणे तापले तर बॉयलर निर्दोष आहे. जुने तोंड पुन्हा लावा आणि पाच जणांपैकी कुणी शॉवर घेत असताना स्वयंपाकघरातला गरम नळ उघडायचा नाही एवढा करार आपापसांत करा.

नळ मिटूनही पाणी कोमटच राहिले तर मात्र दोष खरा आहे, आणि तेव्हा पाहण्याच्या गोष्टी तीन. घर तापवणे बंद ठेवून दहा मिनिटे गरम नळ चालू ठेवा आणि बॉयलरच्या सर्वांत जवळच्या रेडिएटरला हात लावा. तो तापू लागला असेल तर डायव्हर्टर व्हॉल्व्ह, म्हणजे उष्णता रेडिएटरकडे पाठवायची की नळाकडे हे ठरवणारी झडप, पूर्ण बसत नाही आणि नळाच्या वाट्याची उष्णता रेडिएटर खात आहे. रेडिएटर थंडच राहिला, पण बॉयलर पुन्हा पुन्हा पेटून विझत असल्याचा आवाज येतो, तर प्लेटच्या रेडिएटरकडील बाजूस काळा गाळ बसला असावा : उष्णता पत्र्यापलीकडे जात नाही, बॉयलरचे स्वतःचे पाणी पटकन उकळीकडे जाते आणि तो स्वतःला वाचवण्यासाठी ज्योत बंद करतो. मँचेस्टरला लेक डिस्ट्रिक्टमधील जलाशयांचे मऊ पाणी मिळते, त्यामुळे तुमच्याकडे चुन्याचा संशय मी घेणार नाही; लोखंडी रेडिएटर आतून गंजून होणारा हा काळा गाळ मात्र कोणत्याही गावात होतो. तिसरी शक्यता गॅसची. मीटरपासून बॉयलरपर्यंतची नळी लांब आणि बारीक असेल तर पूर्ण ताकदीच्या वेळी गॅसचा दाब पडतो आणि २४ चा बॉयलर प्रत्यक्षात १६-१७ चेच काम करतो. हे मोजमाप गॅस सेफ नोंदणीच्या कारागिराचेच काम आहे.

इंग्लंडमध्ये पाणी तापवण्याची यंत्रणा दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्याच्या ११ व्या कलमाने घरमालकावर टाकलेली आहे, आणि गॅसची सुरक्षा-तपासणी दर वर्षी करून तिची प्रत भाडेकरूला देणेही त्यांना बंधनकारक आहे. तेव्हा गरज पडल्यास ‘पाणी गरम येत नाही’ असे मोघम न लिहिता ‘मिनिटाला ८ लिटर प्रवाहावर पाणी ३० अंशांच्या वर जात नाही, आणि गरम नळ चालू असताना दिवाणखान्यातील रेडिएटर तापतो’ असे आकड्यांनिशी ईमेलने कळवावे. स्वयंपाकघरातील साधा तापमापक त्यासाठी पुरेसा आहे.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त पती-पत्नी लेस्टर येथे राहतो. घरातील इतर सर्व ठिकाणी गरम पाणी व्यवस्थित येते. फक्त वरच्या मजल्यावरील वॉशबेसिनला मागील महिन्यात नवा नळ बसवल्यापासून गरम पाणी करंगळीएवढ्या धारेने येते आणि कधी कधी गरम होतच नाही. बसवणाऱ्याने सांगितले की बॉयलरचा दाब कमी पडतो. बॉयलरवाल्याला बोलवावे का?

उत्तर : बोलवू नये. इतर सर्व नळांना पाणी व्यवस्थित येत आहे, तेव्हा बॉयलर या खटल्यात साक्षीदारही नाही. पाणी कधी कधी गरम होत नाही याचे कारणही तेच : धार इतकी बारीक आहे की ज्योत पेटण्याइतका प्रवाहच होत नाही.

बेसिनखाली बॅटरी घेऊन पाहावे. गरम नळीवरील झडपेची खाच तिरकी आहे का, आणि नळाकडे जाणारी जाळीदार लवचीक नळी कुठे मुडपली आहे का, या दोन गोष्टी आधी. दोन्ही ठीक असतील तर नळाच्या तोंडाशी असलेली छोटी जाळी उलट फिरवून काढावी. नवा नळ बसवताना सुटलेले कण तिच्यात अडकतात. मात्र ही जाळी थंड आणि गरम दोन्ही पाण्याला एकच असते, म्हणून थंड पाणी जोरात येत असेल तर ती दोषी नाही, आणि पुढची पायरी अशी : झडप बंद करावी, गरम बाजूची लवचीक नळी नळापासून सोडवून तिचे तोंड बादलीत धरावे, आणि झडप अगदी हळू उघडावी. बादलीत भरघोस पाणी आले तर अडथळा नव्या नळाच्या आत आहे आणि बसवणाऱ्यानेच तो पदरचा बदलून द्यायला हवा. बादलीतही करंगळीएवढीच धार आली तर झडप किंवा ती लवचीक नळी बदलावी. वाकणे जड जात असेल तर हे काम शेजारच्या एखाद्या तरुणाकडून करून घ्यावे, आणि बादली मात्र मोठी ठेवावी, कारण वाहिनीच्या दाबाने पाणी अपेक्षेपेक्षा फार जोरात येते.